दाढीतलं विरजण

…तर दाढी गेली, आणि तिच्या पाठोपाठ सूनबाईचं औषधही रुसलं. आधी कसं साखरेसारखे पांढरे खडे धरायचं; आता फ्लास्कच्या तळाशी डिंकासारखं चिकटून बसलं.

दाढी सूनबाईची नव्हे हो! प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या ओट्यावर काम करणाऱ्या गृहस्थांची. सगळे त्यांना दाढीवालेच म्हणत. दाढी अशी, की तिच्यामागे माणूस आहे की नाही हे हाक मारून बघावं. साहेबांनी फर्मान काढलं: औषधाची भुकटी छातीत जाते, मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे, दाढ्या उतरवा. साहेबांचं चुकलं नव्हतंच. पण त्याच झपाट्यात त्यांनी ओटे, भिंती, दिव्यांच्या काचा, सगळं घासून पुसून घेतलं. जमलं असतं तर माणसंही उकळून काढली असती.

तिचं काम काय, ते मी गावच्या शाळेत शिकलो तेवढ्या अकलेनं सांगतो. सेफॅलोस्पोरिन नावाचं अँटिबायोटिक औषधांचं एक घराणं आहे. मूळपुरुष बुरशीतून निघाला. त्याच्या पोटात एक चौकोनी कडी असते, ती जंतूंना मारते. पण जंतू काही दूधखुळे नाहीत. त्यांनी ती कडी तोडायची कात्री काढली. मग सूनबाईसारखी माणसं त्या कडीच्या आजूबाजूला नवेनवे हात जोडत बसतात, कात्री अडावी म्हणून. बहुतेक हात फुकट जातात. तिचा एक जमला होता! जुन्या औषधांना वाकुल्या दाखवणारे जंतू तिच्या पदार्थानं बशीतल्या बशीत आडवे केले होते. या पदार्थाच्या मागे ती लग्नाआधीपासून होती. आमचे चिरंजीव नंतरचे.

पण डिंक काही शुद्ध करता येत नाही आणि टिकतही नाही. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत खडे दाखव, नाहीतर हे काम बंद."

तिनं बर्फात ठेवून पाहिलं, द्रावण बदललं, काच खरवडली की खडे धरतात म्हणून नेहमीच्या काचेच्या कांडीनं फ्लास्क आतून खरवडून खरवडून हाताला घट्टे पाडून घेतले. डिंक तो डिंकच. घरी जेवायला बसली तरी चमच्यानं वाटी खरवडत बसायची.

"अगं, वाटी फुटेल!" आमची ही म्हणाली. तेवढ्यात मी काय शिजलंय ते बघायला पातेल्यात डोकावलो. झालं, तोफ माझ्याकडे वळली. "अहो, आधी ती मिशी कुरवाळणं थांबवा! तिच्यातलं काय काय पडेल त्यात!"

सूनबाईचा चमचा थांबला. "आई, पुन्हा म्हणा."

"काय? मिशी?"

पण ती ताटावरून उठून फोनला चिकटलीसुद्धा.

"काका, तुमची दाढी कुठाय?"

पलीकडून दाढीवाले खेकसले, "न्हाव्याला विचार! जखमेवर मीठ चोळायला फोन केलास का?"

"मग दाढीचा कंगवा?"

"तो आहे कामाच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. टाकवत नाही गं. का, तुला वाढवायचीय?"

त्याचं असं, की दह्याला जसं विरजण लागतं, तसा खडे धरायला त्याच पदार्थाचा एखादा कण लागतो. दाढीवाले वर्षानुवर्षं तिची भुकटी वजन करून देत, आणि दाढी खाजवत तिच्या फ्लास्कमध्ये डोकावत. विरजण पडत होतं दाढीतून, आणि शाबासकी घेत होती काचेची कांडी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो कंगवा फ्लास्कच्या तोंडावर हलकेच झटकला. दाढीवाले शेजारी उभे, मास्कवरूनच तुळतुळीत गाल चाचपत. आधी नुसती धूसर रेघ उमटली, मग तळापासून वरपर्यंत पांढरं शुभ्र होत गेलं. दाढीवाल्यांनी म्हणे डोळे पुसले. वर मास्क घट्ट बसलाय म्हणून पाणी आलं, असं सांगायलाही विसरले नाहीत.

तुम्ही नाक मुरडायच्या आत सांगतो: त्या पहिल्या खड्यांचं कुणी औषध केलं नाही. ते विरघळवले, गाळले, पुन्हा जमवले, असं करत पार निर्मळ केले, आणि मग त्यांचंच विरजण डबीत जपून ठेवलं.

शुक्रवारी साहेबांनी डबी उजेडात धरली. काम चालू ठेवायचं, म्हणाले. मग कंगव्याची हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "वरच्या लोकांना हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

सूनबाई म्हणाली, "तुमच्याच तोंडानं सांगा, साहेब, गुळगुळीत आहे. फक्त पुढच्या वेळी कुणाची दाढी उतरवायची असेल, तर आधी आम्हाला ती विंचरून घेऊ द्या."