न जुळणारा शेवटचा आकडा

पुण्यात काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, पण आमचं ऑफिस येरवड्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच होतं. वितळलेलं लोखंड साच्यात कुठे आधी थिजेल आणि कुठे पोकळी राहील, हे ओतण्याआधीच सांगणारा प्रोग्राम मी तिथे लिहिला. गणिताच्या एका पॅकेजमध्ये लिहिलेला, म्हणजे विचार करायला सोपा आणि चालायला महाकंटाळवाणा. सकाळी सुरू केला की उत्तर संध्याकाळी. आमच्या जर्मन गिऱ्हाइकाला ते चहा संपायच्या आत हवं होतं.

म्हणून तो सी प्लस प्लस या वेगाने चालणाऱ्या भाषेत उतरवायचं ठरलं आणि ते काम माझ्या मैत्रिणीकडे आलं. इंजिनिअरिंगपासूनची मैत्रीण, रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला यायची. दोघींची उत्तरं जुळली की दोघींनी जर्मनीला जायचं आणि पुढचं काम तिथेच करायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. "गणित तुझं, वेग माझा," असं ती म्हणायची. मला ते फार आवडायचं.

उत्तरं जुळवायची आमची एक पद्धत होती. दोघी आपापले कागद घेऊन समोरासमोर बसायचो. ती तिचे आकडे पाढे म्हटल्यासारखे मोठ्यांदा वाचायची, मी माझ्या कागदावर खुणा करत जायची. जिची चूक निघेल तिने कोपऱ्यावरच्या बेकरीतून क्रीमरोल आणायचे. पहिले क्रीमरोल तिने आणले. माझ्या पॅकेजमध्ये मोजणी एकपासून, तिच्याकडे शून्यापासून. त्या गोंधळात तिच्या साच्याची एक कडाच गळाली होती. कडेला वेगळा हिशेब का लागतो, हेही तिला उमगेना. मी म्हटलं, "अगं, तव्यावरची पोळी आठव. मध्ये एक आच, कडेला वेगळी. कडेकडे वेगळं लक्ष द्यावंच लागतं." तिला चटकन समजलं.

मग सगळं जुळत आलं आणि शेवटचा आकडा तेवढा अडला. ती वाचायची, माझ्याकडे दुसराच असायचा. तिचं म्हणणं, चूक माझ्या गणितात असणार. मलाही तसंच वाटायला लागलं. आठवडेच्या आठवडे मी माझी समीकरणं मुळापासून तपासत होते. कॉलेजात शिकलेल्यावरसुद्धा माझा विश्वास उरला नाही. क्रीमरोल अर्थातच मी आणत होते.

एका दुपारी जिन्यात साहेब भेटले. "अहो, आज डेमोला तरी या. जर्मनीची मंडळी आलीत. आकडे जुळून महिना होत आला, तुम्ही अजून काय उकरताय?"

मी हातातला कागद उघडून शेवटचा आकडा दाखवायला गेले, पण साहेब बोलतच होते.

"घरच्या अडचणीमुळे तुम्हाला जाता येत नाही, हे तुमच्या मैत्रिणीने सांगितलं मला. एकदा आपण होऊन सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

माझ्या घरी कसलीही अडचण नव्हती. डेमोच्या खोलीत मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. पडद्यावर साचा भराभर थंड होत होता आणि मैत्रीण पाहुण्यांना इंग्रजीत तव्यावरची पोळी समजावून सांगत होती. पाहुणे खूश होऊन हसले.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. ती म्हणाली, "तुझं नाव घेणार होते गं, वेळच मिळाला नाही. आणि खरं सांगू? तू जरा हळू आहेस. तिकडे कोणी थांबत नाही." मी म्हटलं, "हो ना, मी अजून पॅकेजमध्येच चालते." ती हसली. तिला तो विनोद वाटला. त्या संध्याकाळी स्कूटरवर मी एकटीच घरी गेले.

ती जर्मनीला गेल्यावर मी तिच्या मशीनवर दोन्ही प्रोग्राम चालवले आणि प्रथमच दोन्ही रकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळत होतं. तिचा कागद मी कधी बघितलाच नव्हता. समोर बसून ती जे वाचेल ते मी खरं धरत होते.

जर्मनी हुकल्याचं दुःख पुढे ओसरलं, कारण कामं पुण्यातही भरपूर आली. पण माझं गणित बरोबर आहे हे ठाऊक असताना तिने मला त्यात चूक शोधायला बसवलं, आणि मी आणलेले क्रीमरोल रोज मजेत खाल्ले. त्याचा राग मला आजही तेवढाच येतो.