टक्क्याच्या जागी बसवलेलं अक्षर

फॉन्टची फाईल त्याच फ्लॉपीवर सहज मावली असती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात मी बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत एका टाइपसेटिंगच्या दुकानात होतो. काम पुण्यात शिकलेलो. तिथे एक इथिओपियन बाई यायच्या. नोकरी नर्सची, आणि शुक्रवारी घरी आपल्या लोकांच्या मुलांना अम्हारिक वाचायला शिकवायच्या.

"घरी काही विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतात, ब्रदर," त्या म्हणायच्या. माझ्या लेकीचं तेच चाललेलं, त्यामुळे आमचं जमलं. त्यांना मुलांसाठी वाचनाचं छोटं पुस्तक करायचं होतं.

त्यांची लिपी आपल्या बाराखडीच्या जवळची. पण मात्रा वेगळी काढून ठेवता येत नाही, प्रत्येक रूप म्हणजे एक अख्खं अक्षर. अशी दोनशेच्या वर. तेव्हाच्या फॉन्टमध्ये इतक्या जागाच नसत, म्हणून आमच्याकडच्या फॉन्टमधून काही अक्षरं गाळलेली होती. त्यांत 'क्वा' होतं. त्यांच्या 'भाषा' या शब्दात ते दोनदा येतं!

"करू की आपण," मी म्हणालो. आपल्या जोडाक्षरांच्या सवयीने आधी दोन अक्षरं शेजारी आणून जोडली. त्या खळखळून हसल्या. मग मी ते नव्यानेच काढलं: एक गोल, त्यातून उतरलेला पाय, पायाशी आडवी रेघ.

"पाय वाकडा झालाय. मुलं लंगडं म्हणतील."

"आता?"

"आता चालायला लागलं. खलास!"

पुस्तकात टक्क्याचं चिन्ह कुठेच नव्हतं, म्हणून आमच्या फॉन्टमध्ये त्या चिन्हाच्या जागी अक्षर बसवलं. ते दोन-तीन आठवडे फार सुखाचे गेले. इतकं मन लावून मी नंतर क्वचितच काही केलं असेल.

पुढे त्यांची बदली अल ऐनला झाली, पुस्तकही आता तिकडेच छापायचं ठरलं. फ्लॉपी घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडच्या कॉम्प्युटरवर उघडेल ना?"

शेठ नेहमी बजावायचे, "फाईल देना, फॉन्ट नहीं. फॉन्ट दिया तो ग्राहक गया." पुण्यातही हीच रीत होती. पण त्या दिवशी शेठ दुकानात नव्हते. देऊ शकलो असतो. खरं सांगायचं तर ते अक्षर फक्त माझ्याच मशीनवर दिसतं, याचं मला कौतुक वाटत होतं.

"इन्शाल्ला, उघडेल," मी म्हणालो.

महिन्याभराने फोन आला. मूळ फॉन्ट तिकडेही होता, त्यामुळे बाकी मजकूर नीट होता. फक्त जिथे जिथे 'क्वा', तिथे टक्क्याचं चिन्ह.

"तुमच्या मशीनमध्ये व्हायरस असेल, सिस्टर," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. ईदच्या सुट्टीत मुद्दाम दुकानात आल्या, घरी भाजलेली कॉफी आणि पुस्तकाची एक प्रत घेऊन. प्रत्येक टक्क्यावर व्हाइटनर लावून निळ्या शाईने ते अक्षर त्यांनी हाताने लिहिलं होतं. "सगळ्या प्रती अशाच केल्या," म्हणाल्या. वर माझे आभार मानले. मी कॉफी घेतली, प्रतही ठेवून घेतली. नंतर त्या कधी आल्या नाहीत.

पुढे आम्ही शारजाला अल नहदात राहायला गेलो. तोवर युनिकोड आलं होतं आणि त्या लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला होता, 'क्वा'लासुद्धा. एका शुक्रवारी घरच्या कॉम्प्युटरवर मी ती जुनी फाईल काढली आणि अक्षरन् अक्षर नव्या क्रमांकावर नेलं. टक्क्याची पाळी सगळ्यात शेवटी आली. लेक मागे उभी होती.

"नाइस शेप, बाबा. व्हॉट इज इट?"

"क्वा," मी म्हणालो. तिने बोटाने टेबलावर गिरवून पाहिलं. छान गेला तो दिवस.

निळ्या शाईची प्रत माझ्या कपाटात आहे. त्यांचा पत्ता मी अजून शोधलेला नाही. ती दुरुस्त फाईल मला त्यांना द्यायची आहे, आणि व्हायरस नव्हता हे सांगायचं आहे.