हळदीचा पहिला टाका

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही. लिहिणं म्हणजे कागदावर सही, एवढंच आम्हाला ठाऊक. घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, हेही मला नीट कळत नाही. पण घरी कुणाला काही विचारता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव मध्य प्रदेशात, खकनारकडे. मी बुऱ्हाणपूरला खोली करून बी.ए. शिकतो. बहीण यंदा बारावीला आहे. दिवाळीत बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पास होऊ दे, हीसुद्धा तुझ्याच कॉलेजात जाईल." मी ते खरं धरलं. तिच्यासाठी माझ्या वह्या जपल्या, मुलींच्या होस्टेलवर दोनदा चौकशी केली, प्रवेशाचा फॉर्म कसा भरायचा तेही विचारून ठेवलं.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी आईनं घरच्या रुईचं गाठोडं पुढ्यात ठेवलं. "बाबू, थंडी फार पडली. शहरातून एक रजई भरून आण. कापड तूच पसंत कर. अन् बसून करून घे, नाहीतर पिंजारी रुई बदलतो." सोबत कागदाची छोटी पुडी दिली. "ही त्याला दे, त्याला समजतं."

पुडी उघडून पाहावी असं मला वाटलं नाही. आईनं दिलेली वस्तू कोण उघडून पाहतं?

बसमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "भैया, इसका भी टिकट लगेगा, ये तो तुमसे मोटा है." सगळे हसले, मीही हसलो. बाजारात बहिणीला फोन केला, "कोणता रंग घेऊ?" ती म्हणाली, "तुला आवडेल तो घे, भाऊ." मी गुलाबी फुलांचं कापड घेतलं. गुलाबी तिला आवडतो.

पिंजाऱ्यानं पुडी उघडली. आत पिवळा दोरा होता. तो माझ्याकडे बघून हसला, "अच्छा, समझ गया. मुबारक हो." मला वाटलं, नव्या रजईचं मुबारक. मशीनमधून रुई उडत होती, माझ्या स्वेटरवर बसत होती. भरून, टाके घालून होईपर्यंत संध्याकाळ झाली.

घरी पोचलो तर अंगण सारवलेलं. बाबांच्या अंगावर इस्त्रीचा कुर्ता. बहिणीच्या केसांत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा होता. मीच तो काढला. "काय होतं गं?"

"पूजा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसरा दिवस अगदी शांत गेला. बाबा शेतात लवकर गेले. आई दिवसभर तूर निवडत होती, निवडलेलीच पुन्हा निवडत होती. मी गच्चीवर रजई उन्हात पसरली आणि तिच्यावरच पुस्तक घेऊन बसलो. एका कोपऱ्यात एकच टाका पिवळा दिसला. खाली जाऊन आईला विचारलं.

"नजर लागू नये म्हणून," तिनं सुपातून मान वर केली नाही.

बहिणीला म्हटलं, "चल, फॉर्मचं बघू."

"आज राहू दे भाऊ, डोकं दुखतं."

मी तिच्यासाठी आल्याचा चहा केला. तो तिनं सगळा प्यायला आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

दुपारी आईचा मोबाइल वाजला. ती विहिरीवर गेली होती, म्हणून मी उचलला. मावशी होती.

"काय रे, बहिणीची काल सुपारी फुटली अन् सख्खा भाऊ बजारात? पाव्हणे विचारत होते ना, भाऊ कुठं आहे."

"कोणती सुपारी, मावशी?"

"असं काय करतो? लगीन पक्कं झालं. तूच तर हळदीचा दोरा घेऊन गेला ना? लेकीच्या रजईचा पहिला टाका हळदीचाच असतो."

"लगीन?" मी विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं असावं. तिचा आवाज बारीक झाला.

"तुझ्या आईवर रागावू नको, बाबू. ती सांगणारच होती. तुझी बहीणच बोलली, भाऊला आत्ता सांगू नका, तो फॉर्म घेऊन बसला आहे."