पडद्यामागच्या आवाजाचा मालक

नाटकमंडळीत तिला सगळे ध्वनीवाली म्हणत. वीज कडाडायची, दार करकरायचं, घोडे दौडायचे, ते सगळं तिच्या टेबलावरून. ताईचा आवाजही तिथूनच निघायचा. तिची ही थोरली बहीण एके काळची मुख्य नटी. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेला तो गेलाच. पण नाटकातल्या आईचं पडद्यामागचं बोलणं तिनं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. आज दुपारच्या प्रयोगाला ताई स्वतः ते ऐकायला येणार होती.

आणि नेमकी आजच सकाळी जुन्या संगणकानं मान टाकली. ध्वनीवालीनं त्यातली डिस्क काढून नव्याला जोडली. फायलींची नावं दिसली, पण ताईची फाईल उघडायला जावं तर एकच उत्तर: परवानगी नाही.

"माझ्याच फायली, नि हा मलाच दारात उभं करतोय!"

दिग्दर्शक जरा चाचरतच म्हणाला, "नसेल जमत तर दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेऊ."

"ताईसमोर? मग तुम्हीच सांगा तिला."

दिग्दर्शकानं लगेच नेपथ्याकडे मोर्चा वळवला.

शिडीवर दिवे बांधणारा तिचा नवरा वरूनच ओरडला, "अगं, सगळ्यांना सगळी मुभा देऊन टाक की! कटकट मिटली."

"म्हणजे कुणीही यावं नि ताईला पुसून जावं? तुम्ही आपले दिवे सांभाळा."

जुन्या संगणकावर तिचं जे नाव होतं, तेच तिनं मुद्दाम नव्यावरही घेतलं होतं. मग हा ओळख का देत नाही? राग ओसरून कुतूहल जागं झालं. तिनं फायलींची सविस्तर यादी काढली. मालकाच्या रकान्यात नाव नव्हतंच, नुसता आकडा होता: ५०१. आता स्वतःचा आकडा विचारला, तर संगणक म्हणाला, १०००.

ती उठून रंगपटात गेली. भिंतीभर खुंट्या, प्रत्येकीवर आकडा. मंडळींचे कपडे नटाच्या नावानं नव्हे, खुंटीच्या आकड्यानं पेटीत जायचे. एका दौऱ्यात नव्या नाट्यगृहातले आकडे वेगळे निघाले, राजाचा अंगरखा द्वारपालाच्या खुंटीला लागला आणि पठ्ठ्या तो चढवून खुशाल रंगमंचावर आला!

"अहो!" ती धावत परतली. "डिस्कवर माझं नाव लिहिलेलंच नाही. नुसता खुंटीचा आकडा आहे, आणि इथे माझी खुंटी बदललीय!"

"मग आता?"

"अंगरखा काढायचा नि माझ्या खुंटीला लावायचा."

संगणकाच्या कारभाऱ्याचा, म्हणजे ॲडमिनचा, अधिकार घेऊन तिनं नाटकाचा तेवढा एक फोल्डर १०००च्या मालकीचा केला. बाकी कुणालाही काही उघडं केलं नाही.

दुपारी पडदा वर गेला. ताई पहिल्या रांगेत, ताठ बसलेली. पडद्यामागून तिचाच खणखणीत आवाज आला, "किती वेळ उभी ठेवणार आहेस रे मला बाहेर?"

ताईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग मागे न बघताच तिनं हात उचलला आणि दोन बोटं वर नाचवली: आवाज वाढव.

"झालं, सुरू झाली!" म्हणत ध्वनीवालीनं तो वाढवला.