कोलंबी सुटली

आमच्या किहीमच्या घरी मासे घेऊन येणाऱ्या मावशीला गप्प राहून मासा विकता येत नाही. सुरमईचं कौतुक करता करता ती गिऱ्हाइकालाच झापते. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला कोपरांवर, गुडघ्यांमागे इसब आहे. गेल्या वर्षी ते फार चिघळलं, तेव्हा आम्ही घरातल्यांनी मिळून कोलंबीवर आळ घेतला. मावशीला ते लागलं. "माजी कोलंबी पोरीचं वाईट करनार न्हाय," म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून कोलंबीची पाटी ती फाटकाबाहेरच उतरवायची, नळावर हात आणि कोयता साबणाने घासून धुवायची, आणि मगच ओटीवर येऊन लेकीचे बोंबील साफ करायची. आठ महिने, एकदाही न चुकता.

परवा अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, कोलंबीची अ‍ॅलर्जी मुळीच नाही. अ‍ॅलर्जी आहे ती आम्ही इसबावर रोज चोळत होतो त्या स्टेरॉइडच्या मलमाची. त्यांनी मलम बदलून दिलं आणि कोलंबी खुशाल खाऊ द्या म्हणाले.

हे ऐकलं मात्र, मावशी "कोलंबी सुटली गो" असं ओरडत आख्खी आळी फिरून आली आणि लेक तिच्यामागे नाचत. लोकांना वाटलं, हिचं कुणीतरी खटल्यातून सुटलं. मग पाटी थेट ओटीवर ठेवून ती लेकीसाठी कोलंबी सोलायला बसली. शेवटची सोलून झाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तुजं मलम ठेव फाटकाभायेर."