दसऱ्याला पुजलेली बॅट

उदगीरला मी पोरींना बेसबॉल शिकवतो. परवा संघातल्या सगळ्यात लहान पोरीनं चेंडू असा हाणला की मी उडालोच! पण बाई बॅट हातात घेऊनच पळाली, त्यात उशीर झाला अन् आऊट.

"बॅट फेकून पळ म्हणलो न्हाई का?" मी खेकसलो.

"सर, दसऱ्याला पुजलेली हाय. फेकू कशी?"

माझा पारा उतरला. "फेकू नको गं. नुसती सोड. तिचं काम झालं, आता तुझ्या पायाचं."

पुढच्या डावात पुन्हा टोला! बॅट अलगद मातीत पडली अन् पोरगी सुसाट सुटली. बेसवर पोचली! आनंदाच्या भरात मी गळ्यातली शिट्टी काढून हवेत भिरकावली.

बेसवरूनच ती ओरडली, "सर! शिट्टीबी पुजली व्हती!"