बर्फ लोटायचं पातं

काल दुकानात आम्ही पाच-सहा पोक्त पुरुष बर्फ लोटायची पाती बोटांनी वाजवून बघत होतो. चारचाकी बाइकच्या पुढे लावायचं ते एक लोखंडी फाळकं, पण प्रत्येकाचा चेहरा असा, जणू तोफच विकत घेतोय. मीही त्यातलाच, आणि सगळ्यांत जोरात वाजवणारा.

"अहो, माठ घेताय का?" बायको म्हणाली.

विक्रेत्याने विचारलं, "पातं तिरकं बसवून देतो. बर्फ कुठल्या बाजूला पडायला हवा?"

"डावीकडे आपले गुलाब आहेत," मी बायकोला मराठीत म्हणालो.

"आणि उजवीकडे शेजारच्या मार्थाबाईंची वाट. काठी टेकत पत्रपेटीपर्यंत येतात बिचाऱ्या."

आपलं अंगण झाडायचं आणि केर शेजाऱ्याच्या कुंपणाशी लोटायचा, ही आमची लहानपणापासूनची स्वच्छता. सातासमुद्रापार येऊन तिला इंजिन जोडलं, एवढाच आमचा उत्कर्ष. दारापुढची फरशी लख्ख ठेवणाऱ्या आम्हां सज्जनांची मला किळस येते, आणि दाढी करताना आरशात दिसणाऱ्या सज्जनाची तर फारच. गुलाब कसले, या दिवसांत तिथे नुसत्या काटक्या उभ्या असतात.

हे सगळं कळत असूनही मी विक्रेत्याला म्हणालो, "उजवीकडे."

बायकोने पुढे होऊन पात्यावर एक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं.

"माठ पक्का आहे हो," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे चालू लागली.